नथीचा दोरा

१

सप्तमीच्या सकाळी खोपटच्या देवीपुढचा पडदा सरला, टाळ सुरू झाले, आणि आरतीचं पहिलं कडवं संपायच्या आत आनंदा पाटलाने हात वर केला.

"थांबा. देवीची नथ कुठाय?"

टाळ एकेक करून बंद पडले. माना उंचावल्या. देवीचं तोंड तेच, कुंकू तेच, गळ्यात ताज्या झेंडूची माळ; नाकावर मात्र काही नव्हतं. टपोऱ्या मोत्यांची ती नथ घटस्थापनेला चढायची ती दसऱ्यालाच उतरायची. तिच्यावाचून ही कुणा दुसऱ्याच गावची देवी वाटत होती.

गुणाजी गुरव पडद्याचं टोक धरून उभा होता, पाठ देवीकडे, तोंड लोकांकडे. तो वळला, त्याने पाहिलं, आणि होता तिथेच खाली बसला.

पाटील गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आला. उंबरा ओलांडायचा नाही हा नेम त्यालाही होता. गुरवाखेरीज तो कुणीच ओलांडत नसे. त्याने बाहेरूनच वाकून बोट दाखवलं. उंबऱ्याच्या आतल्या अंगाला लाल दोऱ्याचा तुकडा पडला होता. दोन्ही टोकं कात्रीने कापल्यासारखी स्वच्छ.

"नथीचा दोरा," पाटील म्हणाला. "कापलाय. आता मंडळी, ह्या गाभाऱ्यात जातो कोण?"

उत्तर द्यायची गरज नव्हती. सगळे गुणाजीकडे बघत होते, आणि गुणाजी जमिनीकडे. तो एवढंच म्हणाला, "म्यां नाय कापला." त्यापुढे काही विचारलं की तो ओठ घट्ट मिटायचा.

गावाने तिथल्या तिथे ठरवलं: दसऱ्याला संध्याकाळी गाव बसेल. तोवर नथ आली नाही तर देवीची चाकरी गुणाजीच्या घरातून गेली, आणि चाकरीपोटी मिळालेलं शेतही गेलं. ते शेत पाटलाच्या दोन शेतांच्या मधोमध होतं, पण अशा पवित्र जागी असली क्षुद्र गोष्ट कुणाच्या तोंडी आली नाही.

दुसरंच एक नाव मात्र आलं. मागून कुणी तरी म्हणालं, "अरे, दोरा कापून नथ चोरायची ही युक्ती तर त्या श्रीपादरावांची."

आणि खांबाला टेकून उभ्या असलेल्या श्रीपादरावांनी, चोरीत आपलं नाव निघाल्यावर माणसाने घाबरावं तसं न घाबरता, उपरणं सारखं केलं.

२

राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून ठाण्यात दिव्यांची आरास झाली, त्या सालची ही गोष्ट. यशवंतराव गुप्ते तेव्हा नुकतेच कोर्टाच्या नाझरीतून मोकळे झाले होते, पण लोकांच्या तोंडी ते अजून नाझरच होते. जन्मभर त्यांनी लोकांच्या घरांत जप्त्या नेल्या होत्या. त्यामुळे माणूस काय बोलतो यापेक्षा तो बोलताना कुठल्या कोपऱ्याकडे बघायचं टाळतो, हे त्यांना आधी दिसे. माणसांची त्यांनी तीन खाती पाडली होती: लबाड, मूर्ख आणि दोन्ही. तिसऱ्या खात्यात गर्दी फार, आणि त्यात अलीकडे सगळ्यात वर नाव होतं त्यांच्या बहिणीच्या मुलाचं, श्रीपाद ताम्हण्याचं.

श्रीपाद कचेरीत कारकून होता, पण ते त्याचं वरवरचं रूप. आतून तो कादंबरीकार होता. चैत्रात त्याने जाहीर केलं होतं की आपण देवीच्या नथीच्या चोरीवर मराठीत पूर्वी झाली नाही अशी कादंबरी लिहिणार; मात्र आधी पूर्वतयारी. तेव्हापासून पूर्वतयारी चालू होती. त्यासाठी नवा कंदील आला, बसायला वेताची खुर्ची आली, मुंबईहून छोटी कात्री आली. दर रविवारी तो खोपटला जाई आणि भेटेल त्याला विचारी, "समजा, देवीची नथ चोरायची झाली, तर तुम्ही कशी चोराल?" वांग्याचा भाव विचारला तर सरळ न सांगणारी माणसं ह्या प्रश्नावर मांडी ठोकून बसायची. नाझर म्हणत, की आपण तीस वर्षं चोरांना विचारून जे कळलं नाही ते भाचा सज्जनांना विचारून मिळवतो आहे. कादंबरीचं पहिलं वाक्य मात्र अजून झालं नव्हतं.

अष्टमीला सकाळी आनंदा पाटील स्वतः नाझरांकडे आला. अंगात बाराबंदी, डोक्याला नवं पागोटं. देवीची वहिवाट त्याच्या घराकडे होती. दागिन्यांची पेटी वर्षभर त्याच्याच माजघरात असे.

"रावसाहेब, दसऱ्याला तुमी येऊन बसा. गावचा न्याव गावानं केला तर लोक बोलतात. कोर्टातला माणूस असला म्हंजे कसं, वजन पडतं."

"वजन पाडायला मला नेताय की चोर शोधायला?"

पाटील हसला. "चोर सापडल्यालाच हाय. गुणाजी. तुमच्या भाच्यांनी माझ्याच ओसरीवर बसून ही युक्ती सांगितली. आरतीच्या आधी गाभाऱ्यात शिरायचं, कानामागचा दोरा कात्रीनं कापायचा. गुणाजी तवा तिथंच बसलेला. भाच्यांचा काय दोष? ते विद्वान. पन आईकणाऱ्यानं धडा घेतला."

नाझरांची कैलासवासी बायको जड नथ घाले तेव्हा तिचा भार नाकावर येऊ नये म्हणून दोरा कानामागे अडकवी. त्यामुळे दोऱ्यात त्यांना वावगं काही दिसलं नाही.

"दोरा लालच असायचा?" त्यांनी विचारलं.

"लालच. आमच्या आज्याच्या काळापासून."

"बांधताना तुम्ही पाहिलाय?"

पाटील चमकला, मग त्याला अभिमान वाटला. "आमी कसं बघणार? पेटी उंबऱ्यावर द्यायची नि पाठ फिरवायची. देवीला साज चढतो तवा पुरुषानं बघू नये. आजा तसाच उभा राह्यला, बाप तसाच, मी तसाच. गावात पयली पाठ आमची फिरते. मान हाय तो आमचा."

"मोठाच मान," नाझर म्हणाले. त्यांना नवरात्रात मासळी बंद असे, आणि त्या नऊ दिवसांत त्यांच्या बोलण्यातला आदर कुठला आणि कुत्सितपणा कुठला हे घरच्यांनाही कळत नसे.

पाटील गेल्यावर श्रीपाद आतून आला. त्याच्या डोळ्यांत चमक होती.

"ऐकलंत ना मामा? अगदी माझ्या योजनेबरहुकूम. कात्री, दोरा, आरतीच्या आधीची वेळ. लोक म्हणतात कादंबरी म्हणजे कल्पना. पूर्वतयारी चोख असली की—"

"उपरणं घे," नाझर म्हणाले. "तुझी पूर्वतयारी दाखव मला."

३

देऊळ दुपारचं रिकामं होतं. गुणाजी मंडपात एकटाच बसला होता, अंगावर पूजेचं ओलं धोतर. दसऱ्यानंतर हे धोतर कुणाच्या अंगावर असेल याचा विचार करत असावा असा त्याचा चेहरा होता. बायजा, त्याची बायको, ओवऱ्यांपाशी फुलं निवडत होती. नाझर दिसल्यावर तिने पदर ओढला, पण ऐकू यावं इतकी जवळ राहिली.

"काल सकाळपासून काय केलंस ते सांग," नाझर म्हणाले.

"पहाटं आलो. पडद्याआड शिरलो. आदल्या दिशीची फुलं काढली, टोपलीत भरली, टोपली भायेर बायकोकडं दिली. मंग विहिरीवर न्हायला जेलो. ओलेत्यानं येऊन नवी माळ घातली नि आरतीला पडदा वढला."

"फुलं काढताना नथ होती?"

गुणाजी थांबला. "बघलं नाय."

श्रीपाद हसला. नाझरांनी त्याच्याकडे न बघता हात वर केला.

"का नाही बघितलं?"

"निर्माल्य काढायचं ते मान खाली घालून, रावसाहेब. देवी निजून उठल्याली असते. बापानं तसंच शिकवलंय. नवी माळ घालतानाबी मान खालीच. तोंड बघायचं ते आरतीला, सगळ्यांसंगं."

"तू न्हायला गेलास तेव्हा इथं कोण होतं?"

"कोण नाय. पडदा होता फक्त."

"आणि नथ दोऱ्याने कशी बांधतोस?"

गुणाजीने ओठ मिटले. नाझरांनी पुन्हा विचारलं. बायजा तिकडून म्हणाली, "सांगा की. शेत जायाचं हाय. पोरं काय दगड चावतील?" तरी त्याने मान हलवली.

"देवीला साज कसा चढवतो ते बोलायचं नाय. बाप मरताना हातावर पाणी सोडून घेतलंय त्यानं. चोर म्हणा, काय बी म्हणा."

नाझरांना अशी माणसं आवडत नसत. लबाडाशी कसं वागावं हे माणसाला कळतं. जो आपलं घर बुडवून वचन पाळतो त्याचं काय करायचं, हे कोर्टाच्या कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही.

त्यांनी उंबऱ्यापाशी उभं राहून काठी आत धरली. दोरा जिथं सापडला ती जागा उंबऱ्यापासून हातभरसुद्धा आत नव्हती. देवी होती पार पलीकडे, भिंतीशी. नाकापाशी कापलेला दोरा देवीच्या पायाशी पडायला हवा होता. हा तर कुणी पडद्याखालून हात घालून ठेवावा तसा पडला होता.

"बरं," नाझर म्हणाले, "कसं बसवतोस ते नको सांगू. आत जा, देवीचं नाक बघ, आणि एवढंच सांग. नथ बसवायला जे काही लागतं, ते तिथं आहे की नाही?"

गुणाजीने बराच विचार केला. एवढं सांगण्याने बापाचं पाणी मोडत नाही असं त्याला वाटलं असावं. तो आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच भीतीऐवजी नवल होतं.

"अर्धं हाय," तो म्हणाला.

४

दोरा अर्धा कसा राहील याचा विचार नाझरांनी खोपटपासून ठाण्याच्या बाजारापर्यंत केला. श्रीपाद वाटभर बोलत होता. कादंबरीच्या नायकाला मिशा असाव्यात की नसाव्यात यावर त्याची सध्या तयारी चालू होती.

"तू घरी जा," नाझरांनी त्याला वाटेतच वाटेला लावलं.

गोविंदा सोनार दुकानात फुंकणी घेऊन बसला होता. देवीचे दागिने दर भाद्रपदात त्याच्याकडे उजळायला येत. नाझरांना बघून त्याने फुंकणी खाली ठेवली, आणि न विचारताच सांगितलं की सप्तमीला तो दुकानातच होता, शेजारच्या कासाराला विचारा.

"तुझ्यावर संशय घेण्याइतकं तुझं काम चांगलं नाही," नाझर म्हणाले. "एवढंच सांग. नथ तुझ्याकडे येते तेव्हा तिला दोरा असतो का?"

गोविंदाने इकडेतिकडे पाहिलं. "कसला दोरा, रावसाहेब? ती मेणावर बसते. मागं मेणाचा गोळा असतो, तो मी दरवर्षी खरवडून काढतो. गुरव ती उतरवतो तेव्हा ज्योतीने ऊब देतो, म्हणजे सगळं मेण नथीबरोबर अलगद येतं, दगडाला कण राहत नाही. घाईने ओढली तर मात्र अर्धं दगडाला राहील, अर्धं नथीला."

नाझरांना गुणाजीचे शब्द आठवले: अर्धं हाय.

लहानपणापासून ते त्या देवीच्या पाया पडत होते. दगडाच्या नाकाला दोरा कुठून ओवणार, हा प्रश्न त्यांना पन्नास-साठ वर्षांत एकदाही पडला नव्हता. तिसऱ्या खात्यात त्यांनी स्वतःचंही नाव मांडलं.

"हे गावात कुणी बोललं कसं नाही?"

"कुणाला ठाऊक असणार? पडद्याआड गुरव, आणि भट्टीपाशी मी. लोक लांबून बघतात, घरच्या बायकांची नथ आठवतात नि दोरा धरून चालतात. मला कुणी विचारायला आलं नाही, आणि चोरीच्या गोष्टीत सोनाराने आपण होऊन तोंड घालायचं म्हणजे..." त्याने वाक्य सोडून दिलं आणि मग सहज म्हणाला, "विचारायला आले ते एकटे तुमचे भाचे. त्यांना मी श्रावणातच सांगितलंय, दोरा नाही, मेण."

५

श्रीपाद वेताच्या खुर्चीत पानाला चुना लावत होता.

"श्रीपाद, देवीची नथ कशाने बसवलेली असते?"

"कादंबरीत की देवळात, मामा?"

नाझर सावकाश समोर बसले. "दोन्हींत फरक आहे वाटतं."

"देवळात मेणाने. कादंबरीत दोऱ्याने. मेणात वाचकाला काय दिसणार? चिकट, मळकट. कात्री कशी समईच्या उजेडात लखकन चमकते. शिवाय कात्री मी आणलेली होती."

"पाटलाच्या ओसरीवर तू दोरा सांगितलास. पुढे सोनाराने चूक दाखवली. पाटलाला जाऊन सांगितलंस, की दोरा नाही म्हणून?"

"मामा, त्यांनी मला पंगतीला बसवून चारचौघांत म्हटलं, रावसाहेब, तुमचा अभ्यास दांडगा. आता परत जाऊन म्हणायचं, की अभ्यास चुकला? दुसऱ्या कुणाशी मी त्यानंतर दोऱ्याचं नावच काढलं नाही. मेणाचंही नाही."

"आणि काल तो तुकडा सापडला, गुणाजीला चोर ठरवलं, तेव्हा तू कुठे होतास?"

"खांबापाशी."

"दोरा खोटा आहे हे तुला कळलं होतं."

श्रीपादने पानाच्या शिरा काढायला सुरुवात केली. त्या आधीच काढलेल्या होत्या. "सगळा मंडप म्हणत होता, श्रीपादरावांनी सांगितलं तसंच घडलं. मामा, सहा महिने लोक मला बघून हसतात. तसं पहिल्यांदाच कुणी म्हणालं. मला वाटलं, दसऱ्याला बोलेन."

"तोवर गुणाजी?"

"त्याचा विचार मी पुढच्या प्रकरणात..." तो थांबला. आपण काय बोललो हे त्यालाही कळलं असावं, कारण पान त्याने तसंच खाली ठेवलं.

नाझरांनी जप्तीत उपाशी घरांतली भांडी उचलली होती. आपण कठोर आहोत असा त्यांचा समज होता. समोरच्या वेताच्या खुर्चीत त्यांना आपल्याहून कठोर माणूस दिसला, आणि त्याच्या बोटाला अजून चुना होता.

पण रागापुढे त्यांची नाझरी धावली. ते येरझारा घालू लागले. दोरा ठेवणाऱ्याला मेण ठाऊक नाही. गुणाजीला ठाऊक आहे, गोविंदाला ठाऊक आहे, ह्या शहाण्याला ठाऊक आहे. म्हणजे तिघेही सुटले. त्यातून गुणाजीने तर स्वतःच्या गाभाऱ्यात स्वतःविरुद्ध पुरावा कशाला टाकावा? आणि ज्याला मेण ठाऊक नाही त्याने देवीच्या नाकावरून नथ काढलेलीच नाही. काढली असती तर बोटांना मेण लागून शहाणा झाला असता.

"म्हणजे ज्याच्याकडे नथ आहे," नाझर स्वतःशीच म्हणाले, "त्याने ती काढलेली नाही. मग त्याच्या हातात ती आली कशी?"

६

नवमीला दुपारी नाझर पाटलाच्या ओसरीवर जाऊन बसले. पाटील मिठागराकडे गेला होता. त्याची थोरली विधवा बहीण ठमाबाई भात पाखडत होती. भाऊ लहान असताना आई गेली. त्याला हिनेच वाढवला होता, आणि ते ती त्याला दिवसातून एकदा ऐकवत असे.

"ठमाबाई, देवळातून बाहेर काय काय जातं?"

तिने सूप थांबवलं. "प्रसाद जातो. तीर्थ जातं. नि निर्माल्य. ते आमच्याच घरी येतं. रोज पहाटे बायजा टोपली ओसरीवर आणून ठेवते, मी ती खाडीत सोडते. आमच्या घराचा मान हाय."

"तुमच्या घराला मान फार. सप्तमीलाही तुम्हीच सोडलंत?"

"सप्तमीला नाय. त्या दिशी आनंदाला भक्ती आलेली. कवा नाय ती टोपली सवता उचलून जेला. मी म्हटलं, रं, बाईचं काम हाय ते, तर म्हणतो, अक्का, एक दिवस मना करू दे." ती हसली. "म्हटलं, पोटात दुखतंय का काय ह्याच्या."

नाझरांनी डोळे मिटून घेतले. मान खाली घालून गुणाजीने आदल्या दिवशीची माळ ओढली. आश्विनाचा उकाडा, रात्रंदिवस समया. मेण सैल झालेलं. माळेत नथ अडकली, अर्धं मेण दगडावर सोडून फुलांत गेली. टोपली बाहेर आली. चोरी कुणी केलीच नव्हती. नथ आपल्या पायांनी पाटलाच्या ओसरीवर चालत आली होती; फुलांत ती दिसताच त्याने टोपली उचलली होती.

पाटील आला तेव्हा नाझर तिथेच होते. ठमाबाई आत गेली, पण दाराआड तिच्या बांगड्या वाजत होत्या.

"न्याव ठरला का, रावसाहेब?"

"ठरला. एकच विचारायचं राहिलं. आनंदराव, दगडाच्या नाकाला भोक कुठे असतं?"

पाटील हसायला गेला आणि मध्येच थांबला. कुणी नकाशावर बोट ठेवून त्याचं शेत दुसऱ्याचं आहे म्हणून सांगावं तसं त्याचं तोंड झालं.

"तुमची देवी, तुमची पेटी, तुमची नथ," नाझर म्हणाले. "आजा, बाप, तुम्ही, तिघांनी मानाने पाठ फिरवली, आणि तुमच्या मालकीची वस्तू कशी बसते हे तिघांनाही कळलं नाही. ती मेणावर बसते. दोरा तिला कधीच नव्हता. दोरा होता माझ्या भाच्याच्या डोक्यात, आणि तिथून तो तुमच्या डोक्यात गेला. त्याला पुढे खरं कळलं, पण तुम्हाला येऊन सांगायची त्याला लाज वाटली. गुणाजी विहिरीवर असताना तुम्ही पडद्याखालून हात घातलात. आत जायचं तर धाडस नाही. चोरी करताना उंबऱ्याचा नेम तेवढा पाळलात."

"तुमी मना चोर म्हणता? पुरावा काय?"

"टोपली."

पाटील काही बोलणार तोच दाराआडच्या बांगड्या थांबल्या. आत भाताच्या कणगीचं झाकण सरकल्याचा आवाज झाला. पाटील अर्धवट उठला आणि पुन्हा बसला.

ठमाबाई बाहेर आली तेव्हा तिच्या कोपरापर्यंत भाताचं तूस होतं. तिने मूठ नाझरांपुढे उघडली. मोत्यांच्या मागे मेणाचा अर्धा गोळा होता, आणि मेणात झेंडूची एक सुकलेली पाकळी रुतलेली.

"गूळ चोरायचा तवाबी तिथंच लपवायचा," ती म्हणाली. "इतका मोठा झाला, पन दुसरी जागा नाय शोधली."

"आणि हे मेण बघितलं नाहीत?" नाझरांनी विचारलं.

पाटील खाली बघत म्हणाला, "मना वाटलं, समईचा मळ बसलाय."

"अक्का," तो बहिणीकडे वळून म्हणाला, "म्यां चोरली नाय. देवीनंच दिली. त्या शेतासाठी..."

"देवीनं दिली," ठमाबाई म्हणाली, "नि गुणाजीच्या पोरांचं ताट कुणी काढून घ्यायला सांगितलं?" आणि ती भात पाखडायला बसली. सुपाचा आवाज त्यानंतर बराच वेळ जोरात येत राहिला.

७

दसऱ्याला संध्याकाळी गाव बसलं. नाझरांनी पाटलाला दोन गोष्टी करायला सांगितल्या होत्या: गुणाजी निर्दोष आहे हे स्वतःच्या तोंडाने बोलायचं, आणि उंबऱ्यावर हात ठेवून सांगायचं, की चाकरी आणि शेत यांवर पाटलाच्या घराने पुन्हा बोट ठेवायचं नाही. नथ कशी बसते हे चारचौघांत निघालं तर गुणाजीच्या बापाचं पाणी मोडलं असतं, म्हणून बाकीचं त्यांनी मोकळं सोडलं. माणसाला मोकळं सोडलं की तो काय करतो हे त्यांना ठाऊक असायला हवं होतं.

पाटील उभा राहिला. "मंडळी, देवी माझ्या सपनात आली. म्हणाली, आनंदा, निर्माल्यात बघ. म्यां खाडीकाठ चाळून काढला. तो दोरा कुठल्या तरी पोराचा खेळ होता. गुणाजी गंगेवानी निर्मळ हाय."

मंडपाने देवीचा जयजयकार केला आणि पाठोपाठ पाटलाचा. कुणी तरी त्याच्या गळ्यात हार घातला. दाराशी बसलेल्या ठमाबाईने तोंडाला पदर लावला. लोकांना वाटलं, भावाच्या कौतुकाने तिला भरून आलं. पाटलाने उंबऱ्यावर हात ठेवून शेताचं वचन दिलं, तेही लोकांना त्याच्या मनाचा मोठेपणा वाटलं. नाझरांनी जन्मात जेवढी माणसं पाहिली होती त्या सगळ्यांबद्दलचं त्यांचं मत त्या घटकेत आणखी थोडं खाली उतरलं. पण बायजा मंडपाच्या कोपऱ्यात पोराला मांडीवर घेऊन खाली बसली होती, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिचा पदर सैल होता. तेवढ्यावर त्यांनी हिशेब मिटवला.

नथ शेवटच्या आरतीला देवीला चढायची होती. पाटलाने पेटी उंबऱ्यावर ठेवली आणि पाठ फिरवली. गावाने पाठ फिरवली. नाझरांनीही. शेजारी श्रीपाद मात्र टाचा उंचावून पडद्याच्या फटीकडे बघत होता.

"मामा, एकदाच. पूर्वतयारीसाठी."

नाझरांनी त्याचा कान धरला आणि कानासकट त्याला फिरवला.

आरती झाल्यावर गुणाजी बाहेर आला. नाझरांच्या पाया पडला, मग श्रीपादपुढे हात जोडून उभा राहिला. श्रीपादची नजर त्याच्यावर ठरेना.

"गुणाजी, मी बोलायला हवं होतं," तो अखेर म्हणाला. "पण आता मी सगळं खरं लिहिणार. दोरा काढून टाकतो. मेण, माळ, पाकळी, सगळं. जगाला कळू दे."

गुणाजीचा चेहरा उतरला.

"रावसाहेब, एक मागणं हाय," तो म्हणाला. "पुस्तकात दोराच राहू द्या. दोरा बरा हाय. लोक दोराच धरून चालतात. जो वाचंल तो दोरा शोधत येईल, नि देवीचं देवीपाशी राहील."

"पण ते खोटं आहे," श्रीपाद कळवळून म्हणाला. "माझा अभ्यास—"

"तुझ्या अभ्यासाची पहिल्यांदाच कुणाला गरज लागली आहे," नाझर म्हणाले. "ह्याने तुझ्यापायी तीन दिवस चोर म्हणवून घेतलं आणि तोंड उघडलं नाही. तू दोरा लिहिशील, नाही तर काही लिहिणार नाहीस."

श्रीपादने शब्द दिला. तो त्याने पाळला, हे त्याच्या जमेला मांडलं पाहिजे. मेणाची इतकी सुंदर हकिगत हातात असताना दोऱ्याची लिहायला त्याची लेखणी उठेना, आणि मेणाची लिहायची सोय नव्हती. वेताची खुर्ची पुढे नाझरांनी वापरायला घेतली. कादंबरीची पूर्वतयारी संपली आहे, असं श्रीपाद नंतर कित्येक वर्षं सांगत असे.